रिकाम्या वाटीचा पुरावा

गेल्या डिसेंबरात तुम्ही दोघं कॅनडाहून सिडनीला आत्याकडे आला होतात, तेव्हा जेवणाच्या टेबलावर तुम्ही मला पकडलंत. पानात पोळीचा एक तुकडा ठेवून मी उठले होते. धाकटी ओरडली, "आजी, तू टाकलंस!" आणि थोरल्याने लगेच आठवण करून दिली की पूर्वी एकदा तुमच्या घरी मी त्याला फरसबीच्या चार शेंगांसाठी टेबलावर बसवून ठेवलं होतं, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आरोप खरा होता. तरी मी गप्प राहिले, कारण जे सांगायचं ते माझं एकटीचं नव्हतं.

तुमचा आतेभाऊ समोरच बसला होता. तो हसून म्हणाला, "मोठी स्टोरी आहे. आजी लिहून पाठवेल." नंतर भांडी आवरताना मला एकटीला गाठून त्याने अट घातली. "लिही. पण नाव नको. कुणाचंच. आणि मला हीरो करू नकोस, प्लीज." म्हणून या पानांत कुणाचं नाव नाही. हीरो तर नव्हताच कुणी.

तो तेव्हा दहावीत होता. तुमच्या आत्याच्या जिभेच्या मुळाशी गाठ निघाली. तिने आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नव्हतं, तरी पुण्यात दोघी-तिघींनी फोनवर आवाज खाली करून मला विचारलंच, "मिश्री वगैरे लावायची का हो?" मी फोन ठेवला आणि सिडनीला, आत्याच्या कॅसल हिलच्या घरी जायची बॅग भरायला घेतली.

मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते हे तुम्हाला माहीत आहे. त्या नोकरीत माणसाला दोन गोष्टी येतात, वेळापत्रक आणि संशय. सिडनीला पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात मी वेळापत्रक बसवलं. जावई सकाळी तुमच्या आत्याला गाडीतून रेडिएशनला न्यायचे, परत आणून सोडायचे आणि मग पॅरामॅटाला ऑफिस गाठायचे. नातू शाळेत. स्वयंपाक, कपडे, औषधांच्या वेळा माझ्याकडे. दिवसभर ती दूध, पेज असं पातळच घोट घोट घ्यायची, खरं जेवण म्हणजे संध्याकाळचंच. संध्याकाळी तिच्या खोलीत जेवणाचा ट्रे घेऊन जायचं काम नातवाने स्वतःहून मागून घेतलं होतं.

ती टेबलावर जेवायची नाही. रेडिएशनने तिचं तोंड आतून सोलवटून निघालं होतं. घास तोंडात फिरत राहायचा, मध्येच ठसका लागायचा, ओठांतून ओघळ यायचा. कुणी पाहिलेलं तिला आवडायचं नाही. मुलगा मात्र चालायचा. तो दार लोटून घ्यायचा, तिच्या पलंगाशी जमिनीवर बसून गृहपाठ करायचा आणि थोड्या वेळाने ट्रे घेऊन बाहेर यायचा. वाट्या रिकाम्या, चमच्याने खरवडून काढलेल्या. डबे पोचवायला येणाऱ्या तिथल्या मराठी बायकांना हे ठाऊक झालं होतं. "काकू, किती गुणी आहे हो! आमचा तर हेडफोनच काढत नाही," असं एकजण मला दारातच म्हणाली.

आपल्या घरात रिकाम्या पानाला फार मान. माझ्या सासऱ्यांनी घालून दिलेली शिस्त, ती माझ्या मुलांनी उचलली, आणि जावई दुसऱ्या घरातले असूनही लग्नानंतर आमच्यासारखेच झाले. संध्याकाळी घरात शिरल्यावर त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "झालं?" मी वाटी दाखवायची. त्यांचे खांदे खाली यायचे, मग बूट निघायचे.

पण दर आठवड्याला इस्पितळात वजन व्हायचं आणि ते उतरत चाललं होतं.

हे वजन का महत्त्वाचं होतं ते सांगते. रेडिएशनच्या वेळी डोकं तसूभर हलू नये म्हणून तिच्या चेहऱ्याच्या मापाचा प्लास्टिकच्या जाळीचा मुखवटा केलेला होता. तो टेबलाला अडकवला की माणूस जखडला जातो. चेहरा बारीक झाला की मुखवटा सैल, आणि मुखवटा सैल झाला की किरण भलतीकडे. मग सगळं थांबवून नवीन माप घ्यायचं. उपचारात खंड पडणं या आजारात चांगलं नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला पहिल्याच दिवशी बसवून सांगितलं होतं. त्याबरोबर हेही सांगितलं होतं, की तोंडाने पुरेसं जात नसेल तर नाकातून पोटात नळी घालू, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

तुमच्या आत्याला मात्र त्या नळीचीच भीती होती. तुमच्या आजोबांना शेवटच्या दिवसांत नळी घातली होती. ती लावल्यापासून ते घरी परतले नाहीत. नळी म्हणजे शेवट, असं तिच्या मनाने घेतलं होतं. "आई, मी खाईन. पण ते नको," असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं, आणि मी मान डोलावली होती.

वजनाच्या दिवशी मीही बरोबर जायची, तेव्हा इस्पितळातली डाएटिशियन मला विचारायची, "ती नीट खाते का?" तरुण मुलगी होती, केस वर बांधलेली, बोलताना नेहमी गुडघ्यावर हात ठेवणारी. मी तिला माझ्या कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत सांगायची, हो, मऊ वरणभात, वर दोन चमचे तूप, रव्याची खीर, सगळं संपतं. ती कपाळाला आठी घालून लिहून घ्यायची. आणि एक दिवस डॉक्टर म्हणाले की इतकं खाऊनही वजन उतरत असेल तर आजार आणखी कुठे आहे का ते पाहायला हवं. पुढच्या गुरुवारी स्कॅन करू.

 घरी येताना जावयांनी एका सिग्नलला हिरवा दिवा लागूनही गाडी हलवली नाही. मागच्याने हॉर्न दिला.

मी मात्र मागच्या सीटवर बसून दुसराच विचार करत होते. अन्न मी मोजून देते. वाटी रिकामी येते. अंगी लागत नाही. मग ते जातं कुठे?

त्या दिवसापासून मी कुणालाच सोडलं नाही. पहिला संशय आत्यावरच. ती बाथरूममध्ये ओतत असेल. मी खोली झाडण्याच्या निमित्ताने आत गेले, बेसिनच्या जाळीत भाताचं शीत दिसतं का पाहिलं, उशीमागे पाहिलं, खिडकीखालच्या रोपांच्या मातीत बोट घालून पाहिलं. काही नाही. मग जावई. कधी ते ट्रे बाहेर यायच्या आत घरी यायचे आणि तिच्या खोलीत डोकावायचे. म्हणजे उरलेलं तेच गुपचूप टाकत नसतील ना, निदान मला बरं वाटावं म्हणून? त्यांना घरी यायला उशीर झाला त्या दिवशीही वाट्या स्वच्छच आल्या. जावई सुटले. तिथे घरामागे तीन रंगांच्या झाकणांचे कचऱ्याचे डबे असतात. लाल झाकणाच्या डब्यात मी हातमोजे घालून खालपर्यंत पाहिलं. कुंपणावरून शेजारच्या बाईंनी विचारलं, "लॉस्ट समथिंग, डार्लिंग?" मी म्हटलं, कानातलं शोधतेय. त्यांनी माझ्या दोन्ही कानांकडे पाहिलं आणि फार सभ्यपणे आत निघून गेल्या.

राहिला नातू. पण त्याच्यावर संशय घ्यायला जागा नव्हती, कारण त्याला उष्टं चालत नसे. अगदी लहानपणापासून. आईने चावलेलं सफरचंद तो घ्यायचा नाही, मित्राच्या बाटलीतलं पाणी प्यायचा नाही, वाढदिवसाला केकवर फुंकर मारली की वरचं क्रीम खरवडून बाजूला ठेवायचा. शिवाय त्याला हळद बंद होती. त्याच्या दातांना तारा होत्या आणि त्या तारांवरची रबरं पारदर्शक. वरणभात खाऊन ती पिवळी झाली तेव्हा वर्गातल्या मुलांनी त्याला काहीतरी नाव पाडलं. काय ते त्याने कधी सांगितलं नाही. पण तेव्हापासून त्याचा स्वयंपाक वेगळा. पांढरा पास्ता, बिनहळदीची बटाट्याची भाजी, सँडविच. आत्याच्या जेवणात मात्र मी हळद घालायचीच. जखमेला चांगली. हळदीच्या गोळ्यांना डाएटिशियनने सक्त मनाई केली होती, वरणातल्या चिमटीला तिची हरकत नव्हती.

त्याच्याबद्दल खटकलं ते भलतंच. त्याचा शाळेचा डबा घरी धुऊन यायचा.

हॉस्टेलमध्ये न सांगता स्वतःचं ताट घासणारी मुलगी मी कायम लक्षात ठेवत असे. पंधरा वर्षांचा मुलगा, ज्याचे मोजे दिवाणखान्यात सापडतात, तो शाळेत डबा धुतो? मी विचारलं, तर म्हणाला, "वास येतो गं बॅगेला." दुसऱ्या दिवशी मी डब्यात नुसते चीजचे चौकोन आणि कोरडी बिस्किटं दिली. वास कशाला येणार? तरी डबा धुतलेला. मग मी त्याच्याकडे नीट पाहायला लागले. शाळेच्या पँटला पट्टा होता, तो आतल्या भोकात गेला होता. रात्री टेबलावर बसायचा, पास्ता काट्याने इकडचा तिकडे करायचा आणि "होमवर्क आहे" म्हणून उठायचा. जावयांच्या लक्षात यायचं नाही. त्यांचं लक्ष दुसऱ्या वाटीवर होतं. मला आधी वाटलं, वाईट संगत. तिथे मुलं काय काय ओढतात, गिळतात, हे मी वर्तमानपत्रात वाचत होतेच. त्याच्या जॅकेटच्या खिशांचा मी वास घेतला. पेन्सिलीच्या भुशाचा आला.

त्याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरांकडे त्याची खेप होती. जुनी रबरं काढून नवी बसवली. घरी आल्यावर त्याने मला दात दाखवले, काचेसारखी लख्ख रबरं. तो सोमवार होता. बुधवारी दुपारी मी त्याला बसस्टॉपवर आणायला गेले, कारण मॅगपाय नावाच्या पक्ष्यांचे घरट्यांचे दिवस होते. काळा-पांढरा, कावळ्याएवढा पक्षी. एरवी छान गातो, पण पिल्लांच्या दिवसांत ज्याचा संशय येईल त्याच्या डोक्यावर मागून झेप घेतो. आमच्या रस्त्यावरचा नातवाला ओळखायचा. मी छत्री घेऊन जायची.

"आजी, त्या मॅगपायला तूच ट्रेन केलंयस," तो छत्रीत शिरत म्हणाला. "सेम पर्सनॅलिटी." आणि हसला.

रबरं पिवळी होती.

मी थांबले. "तोंड उघड."

"व्हॉट?"

"तोंड उघड. दात दाखव."

"आजी, आपण रस्त्यावर आहोत."

"रस्त्यावरच दाखव. सोमवारी लख्ख होती. आज पिवळी कशी?"

त्याने ओठ मिटले. मग म्हणाला, "स्कूलमध्ये करी खाल्ली. फ्रेंडच्या डब्यातली."

"तू? दुसऱ्याच्या डब्यातलं?"

 तारेवर बसलेला पक्षी मान तिरकी करून आमच्याकडे बघत होता.

"घरात हळद फक्त एका वाटीत असते," मी म्हटलं.

"यू आर लाइक द पोलीस, यार."

"पोलीस परवडले. मी रेक्टर होते. चल, त्या बाकावर बस."

बसला. बॅग पोटाशी धरून. तो बुटाच्या टोकाने गवत उकरत होता. हॉस्टेलमध्ये मी हे शिकले होते, प्रश्न विचारून झाला की आपण गप्प राहायचं.

"तिला नाही जात," तो शेवटी म्हणाला. "ती म्हणते काच गिळल्यासारखं होतं. दोन चमचे, मॅक्स. आणि मग बाबा येतो आणि वाटी बघतो. ती आतून ऐकत असते. 'झालं?' म्हणतो ना तो, ते."

"म्हणून तू खातोस."

"पहिल्यांदा तिनेच सांगितलं. थोडंसंच राहिलं होतं. 'संपव रे, बाबाला कशाला.' मग जास्त राहायला लागलं." त्याने नाक पुसलं. "इट्स ग्रॉस, आय नो. तिच्या चमच्याने खातो. आता काही वाटत नाही."

"आणि तुझं जेवण? तुझा डबा?"

"तो मुलांना देतो."

"का?"

"आय डोंट नो." मग बॅगेचा पट्टा ओढत, "तिचं डिनर मी खाल्लं. वर माझं पण खायचं? म्हणजे मी दोन जेवायचं आणि तिने एकही नाही? आता भूकच नाही लागत. आधी लागायची."

मी रेक्टर म्हणून पुष्कळ उत्तरं ऐकली होती. हे त्यांत नव्हतं. पण गुरुवार दुसऱ्याच दिवशी होता.

"उद्या स्कॅन कशासाठी आहे, ठाऊक आहे तुला?"

"रुटीन. बाबा म्हणाला."

"रुटीन नाही. इतकं खाऊन वजन उतरतं म्हणजे आजार पसरला असेल, असं डॉक्टरांना वाटतंय."

त्याचा चेहरा मी विसरलेले नाही. "पण ती खातच नाहीये," तो म्हणाला. मग पुन्हा, मोठ्याने, जणू मीच ते नाकारत होते, "शी इजन्ट ईटिंग, आजी!"

"हे त्यांना कोण सांगणार?"

"तू सांग."

"मी काय सांगू? मी तर रिकामी वाटी पाहिली आहे."

"ते नळी लावतील."

"लावतील."

"ती म्हणाली नळी लावली की..." त्याने वाक्य सोडून दिलं. आजोबांच्या वेळी तो लहान होता, पण पुण्याला आला होता, त्याने पाहिलं होतं.

"आजोबांचा आजार बरा होणारा नव्हता," मी म्हटलं. "हिचा आहे, जर उपचार पुरे झाले तर. हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये. मला तसं बोलता येत नाही."

"आय नो," तो म्हणाला.

आज रात्रीपर्यंत तू सांग, नाहीतर मी सांगेन, एवढं बोलून मी उठले. घरी जाऊन मी नेहमीसारखा वरणभात केला. नेहमीएवढाच. तो नेहमीसारखा ट्रे घेऊन गेला आणि दार लोटलं. तो सांगेल याची मला खात्री नव्हती, हे कबूल करते. मी ओट्याशी उभी राहून कोथिंबीर निवडत होते आणि कान दाराकडे होते. आत बोलणं चाललं होतं, तिचं घोगरं, त्याचं हळू. मग शांतता. या शांततेत तो चमचा उचलत असेल, असंच मला वाटत राहिलं.

जावयांची गाडी आली. दार उघडलं. "आई, झालं?"

मी उत्तर द्यायच्या आत नातू बाहेर आला. हातात ट्रे. तो त्याने टेबलावर बाबांसमोर ठेवला. वाटी काठोकाठ भरलेली. वरच्या तुपाचा थर गोठायला लागला होता, एका कडेला दोन चमच्यांएवढा खड्डा होता.

"नाही झालं, बाबा," तो म्हणाला. "रोजच होत नाही. मी खात होतो."

जावयांनी आधी वाटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. ते समजूतदार गृहस्थ आहेत, त्यांना चढ्या आवाजात बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्या संध्याकाळी ऐकलं. "तुला कळतं का तू काय केलंयस? उद्या स्कॅन आहे तिचा! मी रात्र रात्र..."

"त्याला नको." तुमची आत्या भिंतीला धरून दारात उभी होती. बोलताना तिला किती दुखायचं ते आम्हाला माहीत होतं, म्हणून सगळे एकदम थांबले. "मला विचार. मी सांगितलं त्याला." मग तिचं लक्ष टेबलावरच्या दुसऱ्या ताटाकडे गेलं. मी नातवासाठी वाढून ठेवलेला पास्ता. "आणि हे कुणाचं? तू जेवला नाहीस?"

म्हणजे तिला माहीतच नव्हतं. तो तिचं संपवतो आणि मग बाहेर येऊन आपलंही जेवतो, असं ती धरून चालली होती. तिने त्याचं मनगट धरलं, अंगठा आणि बोट त्याभोवती फिरवलं, आणि मग त्याच्या शर्टाची बाही वर सारून दंड पाहिला.  बाही खाली करून बटण लावलं.

सकाळी जावयांनी इस्पितळात फोन केला. डॉक्टर रागावले नाहीत. असं घरोघरी होतं, म्हणाले. स्कॅन पुढे ढकलला, आधी नळी घालून वजन काय करतं ते पाहू म्हणाले. नळी घातली तेव्हा मी बाहेर बसले होते. मला आत जायचं नव्हतं. थोड्या वेळाने तिने स्वतःच फोटो पाठवला, नाकाला चिकटपट्टी, आणि खाली लिहिलं होतं, "हत्ती." मी तो फोटो नातवाला दाखवला. त्याने बघितला आणि फोन उलटा ठेवला.

त्या दिवशी डाएटिशियन आम्हाला सगळं समजावत होती, कुठली पिशवी, किती वेगाने. बोलता बोलता ती नातवाकडे वळली. "अँड यू, मेट? तू आज काय खाल्लंस?"

मी लगेच सांगायला सुरुवात केली, सकाळी म्यूझली, डब्यात सँडविच. तिने माझ्याकडे हात केला, अगदी सौम्यपणे, रहदारी थांबवावी तसा. ती त्याच्याकडेच बघत होती. तो जमिनीकडे. तिने पुन्हा विचारलं नाही. पण जाताना जावयांच्या हातात आमच्या जीपीसाठी, म्हणजे घरच्या डॉक्टरांसाठी, चिठ्ठी दिली.

आता इथे गोष्ट संपायला हवी होती. तुमच्या आत्याचं वजन थांबलं, मग हळूहळू चढलं. मुखवटा एकदा नव्याने करावा लागला, खंड पडला तो थोडा. पुढे स्कॅन झाला तेव्हा दुसरीकडे काही सापडलं नाही. पण मुलगा जेवेना. उलट आणखीच बिघडलं. आधी निदान तिची वाटी तरी त्याच्या पोटात जायची. आता तिचं जेवण पिशवीतून थेंब थेंब जायचं, उरायचं काहीच नाही, आणि स्वतःच्या पानातलं खायची त्याने जणू मनाईच करून घेतली होती. एका रात्री जावई त्याच्यासमोर बसून रडले. तोही रडला. तोंड मात्र उघडेना.

जीपीने पॅरामॅटाच्या एका बाईंकडे पाठवलं. मुलांच्या खाण्याचं बिनसतं त्यावर त्या काम करतात. खरं सांगायचं तर मला त्या बाईंचाही संशय आला. टेबलावर कागदी रुमालांचा डबा, कोपऱ्यात झाड, आवाज मऊ. त्यांनी आम्हा मोठ्यांना दोन नियम सांगितले. त्याच्या पानाकडे बघायचं नाही. पान रिकामं झालं तर कौतुक करायचं नाही. आणि मग आमच्या घरची रिकाम्या पानाची शिस्त ऐकल्यावर त्यांनी जरा विचार करून तिसरा सांगितला. काही दिवस घरातल्या प्रत्येकाने पानात थोडंसं ठेवून उठायचं. मोठ्यांनीसुद्धा.

"वाया घालवायचं?" मी विचारलं.

"एक घास," त्या म्हणाल्या.

मला तो घास ठेवायला किती जड गेलं ते तुम्हाला पटणार नाही. पहिल्या दिवशी मी ठेवला आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून खाल्ला. नातवाने पाहिलं. "आजी चीट करतेय!" त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणीतरी जेवणाच्या टेबलावर हसलं. आणि पानाकडे बघायचं नाही म्हणून मी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत जेवायची. त्या महिन्याचं चित्र मला अजून पाठ आहे, एक दीपगृह आणि समुद्राकडे पाठ केलेल्या दोन गाई.

तो कधी खायला लागला ते मला नेमकं सांगता येणार नाही. जावयांबरोबर गाडीत टोस्ट खायचा, असं मला पुष्कळ उशिरा कळलं. दोघांनी मिळून ते माझ्यापासून लपवलं होतं, आणि बरंच केलं. काही आठवडे बरे जायचे, मग पुन्हा डबा धुतलेला यायचा. मी व्हिसाची मुदत वाढवून घेतली.

आत्याची नळी निघाल्यावर थोड्या दिवसांनी ती पहिल्यांदा टेबलावर येऊन बसली. मी वरण पातळ केलं होतं. ती चमचाभर घ्यायची, डोळे मिटायची, गिळायची, मग पाणी. ओघळ आला की पुसायची. आता तिला कुणी पाहिलं तरी चालत होतं. नातवाने माझ्याकडे पोळी मागितली. "हळदीची भाजी पण दे," म्हणाला. "रबरं पुढच्या वीकला बदलणारच आहेत." मी वाढलं आणि दीपगृहाकडे बघत बसले. कॅलेंडरचं पान पुढच्या महिन्यावर उलटायला कुणाला सुचलं नव्हतं.

सगळे उठल्यावर मी ताटं उचलली. त्याच्या ताटात भाजीची फक्त पिवळी रेघ उरली होती आणि बाजूला पोळीचा एक तुकडा. मी तो उचलून दिव्याखाली धरला. रिकाम्या ताटावर माझा आता काडीचा विश्वास राहिला नव्हता. रिकामं ताट कुणीही करू शकतं. पण या तुकड्याची एक कड चावलेली होती, आणि त्या कडेवर तारांच्या चौकोनी ठिपक्यांची ओळ उमटली होती. असे दात त्या घरात एकाच माणसाला होते.

"आजी." तो फ्रिजला टेकून बघत होता. "फॉरेन्सिक?"

"नुसतं बघत होते."

"डीएनए पण करून घे ना, लगे हाथ."

मी तो तुकडा लगेच टाकला नाही. भांडी होईपर्यंत ओट्याच्या कडेला ठेवला.

म्हणून मी पोळीचा तुकडा ठेवते, मुलांनो. आत्याच्या तपासण्या अजून चालू असतात. तो आता युनिव्हर्सिटीत आहे आणि स्वतःचं स्वतः रांधतो. मी पुण्याहून फोन करते तेव्हा, जेवलास का, असं विचारत नाही. पानात काय ठेवलंस ते विचारते. "अर्धा बटाटा," म्हणतो. किंवा "ब्रेडची कड." मग मला खरं वाटतं. कधीकधी घाईत असतो आणि नुसतं म्हणतो, "सगळं संपवलं गं." तेव्हा मी फोन लगेच ठेवत नाही. जरा वेळ इकडचं तिकडचं बोलत राहते आणि ऐकते.